सवारोचा मुलूख

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरातून उत्तरेला फ्लॅगस्टाफकडे जाणारा महामार्ग ब्लॅक कॅन्यन सिटी हे छोटे गाव मागे टाकल्यावर घाट चढू लागतो, आणि त्या चढावर काही किलोमीटरांच्या आत एका वनस्पतीची हद्द संपताना दिसते. घाटाच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर सवारो या महाकाय निवडुंगाचे हिरवे खांब दाटीने उभे असतात. चढ वाढतो तसे ते उत्तराभिमुख उतारांवरून आधी नाहीसे होतात, दक्षिणेचे ऊन दिवसभर घेणाऱ्या उतारांवर आणखी थोडे वरपर्यंत टिकतात, आणि सनसेट पॉइंट या माथ्यावरच्या थांब्यापाशी पठारावर गवत व खुरटी झुडपे तेवढी उरतात. वनस्पतींच्या आढळाच्या सीमा नकाशावर काढलेल्या असल्या तरी जमिनीवर त्या सहसा धूसर असतात; येथे मात्र वाहनात बसल्याबसल्या सीमा ओलांडल्याचे लक्षात येते, आणि ती हिवाळ्यातील थंडीने आखलेली आहे.

कार्नेगिया जायगँटिया हे शास्त्रीय नाव असलेला हा निवडुंग नैसर्गिक अवस्थेत केवळ सोनोरा वाळवंटात वाढतो. या वाळवंटाचे क्षेत्रफळ सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून काहीसे कमी आहे. परंतु त्यातही सवारो सर्वत्र नाही. अ‍ॅरिझोनाचा दक्षिण व पश्चिम भाग, मेक्सिकोच्या सोनोरा राज्याचा मोठा पट्टा आणि कोलोरॅडो नदीपलीकडे कॅलिफोर्नियाच्या कडेला तुरळक विखुरलेली झाडे एवढाच त्याचा मुलूख असून, समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटर उंचीपर्यंतच तो तग धरतो. बाखा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा बराच भाग याच वाळवंटात मोडत असूनही तेथे तो नाही. टेक्सास, नेवाडा आणि न्यू मेक्सिको या राज्यांतही नाही. तरीही हॉलिवूडच्या काउबॉयपटांच्या भित्तिपत्रकांनी आणि मसालेदार चटण्यांच्या बाटल्यांवरील चित्रांनी त्याला टेक्साससह अमेरिकेच्या साऱ्या पश्चिमेचा रहिवासी करून टाकले आहे, आणि हा गैरसमज इतका रुजलेला आहे की अनेक पर्यटक अ‍ॅरिझोनाच्या उत्तरेकडील थंड, उंच पठारावरही त्याला शोधत राहतात.

मराठी वाचकाला निवडुंग हा शब्द परिचित असला तरी येथे थोडा भेद करावा लागतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील माळांवर आणि शेतांच्या कुंपणांत दिसणारा त्रिधारी निवडुंग हा एरंडाच्या कुळातील असून त्याची फांदी मोडताच पांढरा चीक वाहतो. फड्या निवडुंग मात्र मूळचा अमेरिकन आणि खऱ्या अर्थाने सवारोचा कुळबंधू आहे. कॅक्टस कुळाची खूण म्हणजे एरिओल, अर्थात खोडावरील लोकरीसारखा मऊ ठिपका, ज्यातून काट्यांचा झुबका फुटतो. सवारोच्या काट्यांची लांबी सात सेंटिमीटरांपर्यंत जाऊ शकते. जनावरांपासून बचाव हे काट्यांचे एक काम झाले. याशिवाय ते खोडावर सावली धरतात, वाऱ्याचा वेग मोडतात आणि शेंड्यावरील दाट लोकरीसोबत वाढत्या टोकाचे थंडीपासून रक्षण करतात.

थंडीचा हा मुद्दा प्रथम नीटपणे मांडला तो फॉरेस्ट श्रीव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने. टुसॉन शहराच्या पश्चिमेला लागूनच असलेल्या टुमामॉक टेकडीवर कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९०३ साली वाळवंट-प्रयोगशाळा उभारली, श्रीव्ह तेथे १९०८ साली रुजू झाले, आणि १९११ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी असे दाखवून दिले की रात्रीचे तापमान गोठणबिंदूखाली किती उतरते यापेक्षा ते सलग किती तास खाली राहते हे सवारोच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. रात्री पारा शून्याखाली गेला आणि सकाळी उन्हाने पुन्हा वर आला तर मोठे झाड ते सोसते, कारण त्याच्या देहातील पाण्याचा प्रचंड साठा हळूहळू थंड होतो. परंतु ढगाळ हवेमुळे दुपारीही गोठलेपण सुटले नाही आणि त्याला दुसरी रात्र जोडली गेली तर उतींमधील पाणी गोठून पेशी फाटतात. उत्तराभिमुख उतारांवरून सवारो आधी का नाहीसा होतो याचे उत्तर यातच आहे. अशा थंडीतून वाचलेल्या झाडावर तिची नोंद राहते: वर वळलेल्या फांद्या गोठून सैल पडतात, खाली लोंबतात, आणि पुढील वर्षांत त्यांची टोके पुन्हा आकाशाकडे वळतात, त्यामुळे काही झाडांच्या फांद्या गाठ मारल्यासारख्या वेड्यावाकड्या दिसतात.

या प्रयोगशाळेशी सवारोचे नावही जोडलेले आहे. अमेरिकन लष्करातील विल्यम एमरी या अधिकाऱ्याच्या १८४६च्या मोहिमेत मिळालेल्या माहितीवरून जॉर्ज एंगलमान यांनी १८४८ साली या वनस्पतीला सिरियस वंशात घातले होते. पुढे १९०८ साली नॅथॅनियल ब्रिटन आणि जोसेफ रोज यांनी तिच्यासाठी स्वतंत्र वंश निर्माण करून त्याला पोलाद-उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव दिले. या वंशात आजवर ही एकच जाती आहे. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्याचे नाव त्या रानातील सर्वांत देखण्या वनस्पतीला मिळावे, हा योगायोग म्हणता येणार नाही.

फीनिक्सपासून टुसॉनपर्यंतचे सुमारे १८५ किलोमीटरांचे अंतर बव्हंशी सपाट, कापसाच्या शेतांचे आणि कंटाळवाणे आहे, कारण सवारोला खोल गाळाची सपाट जमीन मानवत नाही; त्याला हवा असतो डोंगराच्या पायथ्याचा खडकाळ, निचऱ्याचा उतार. टुसॉनच्या पश्चिमेला गेट्स पास ही खिंड ओलांडल्यावर तसा उतार लागतो आणि पलीकडील खोऱ्यात हजारो सवारो एकाच नजरेत येतात. सवारो राष्ट्रीय उद्यानाचा पश्चिम विभाग येथे आहे, तर पूर्व विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला रिंकॉन पर्वताच्या पायथ्याशी. १९३३ साली पूर्व भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९६१ साली पश्चिम भाग जोडला गेला आणि १९९४ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले.

जवळून पाहिले असता सवारोचे खोड उभ्या पन्हळींचे असते. पन्हळीच्या कडेवर एरिओलांची रांग, दोन कडांच्या मध्ये खोलगट सावली. पाऊस पडल्यावर या पन्हळी पेटीच्या भात्याप्रमाणे फुलतात आणि कोरड्या महिन्यांत पुन्हा मिटतात, त्यामुळे साल न फाटता झाडाला शेकडो लिटर पाणी साठवता येते. मुळे मात्र आश्चर्य वाटावे इतकी उथळ: एक सोटमूळ सोडल्यास बहुतेक मुळे जमिनीखाली जेमतेम दहा सेंटिमीटरांवर, झाडाच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत चहूबाजूंना पसरलेली असतात, जेणेकरून हलक्या सरीचे पाणीही खोल मुरण्याआधी पकडता यावे. पूर्ण वाढलेले झाड १२ मीटर किंवा त्याहून उंच आणि पाण्याने भरलेले असताना काही टन वजनाचे असते. हा भार आतील लाकडी फासळ्यांच्या वर्तुळाकार सांगाड्यावर तोललेला असतो आणि झाड मेल्यावर मांसल भाग कुजून गेला की तो सांगाडा वर्षानुवर्षे उभा राहतो. १९८२ साली फीनिक्सजवळ गंमत म्हणून बंदुकीने सवारोवर गोळ्या झाडणारा एक मनुष्य त्याच झाडाचा भाग अंगावर कोसळून मरण पावला, ही घटना त्या भागात आजही सांगितली जाते आणि ती सांगताना फारशी हळहळ व्यक्त होत नाही.

पाने नसलेल्या या वनस्पतीत प्रकाशसंश्लेषणाचे, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोडच करते. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या वेळी त्यांचे पाणीही उडून जाते; सवारो ही रंध्रे दिवसभर बंद ठेवून रात्री उघडतो, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवस उजाडल्यावर बंद दारांआड तो वापरतो. या व्यवस्थेची अट एकच, ती म्हणजे रात्र थंड असणे. २०२३च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सियसच्या वर गेले आणि काँक्रीटने तापलेल्या शहरात रात्रीही उष्मा उतरेना, तेव्हा शहरातील सवारोंच्या फांद्या गळू लागल्या आणि काही झाडे उभीच्या उभी कोसळली. उत्तरेकडे थंडीने मरणारी वनस्पती तिच्याच मुलखाच्या मध्यभागी उकाड्याने मरू लागली.

सवारोची वाढ विलक्षण मंद असते. पहिल्या आठ वर्षांत रोप तीन-चार सेंटिमीटरांपलीकडे जात नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पहिले फूल साधारण पस्तिसाव्या वर्षी येते, पहिली फांदी फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात, आणि आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षांचे असते. लहान रोप एकट्याने उघड्यावर क्वचितच जगते. पालो व्हर्दे, आयर्नवुड किंवा मेस्किट या शेंगावर्गीय झाडांच्या सावलीत ते रुजते, तेथे त्याला उन्हापासून, थंडीपासून आणि उंदीर-सशांपासून आसरा मिळतो; परिसंस्थेच्या अभ्यासात अशा आश्रयदात्या झाडाला दाई म्हटले जाते. कालांतराने सवारो मोठा होऊन पाणी ओढू लागतो आणि म्हातारी दाई अनेकदा आधी मरते, म्हणून जाणत्या सवारोच्या बुंध्याशी वाळलेल्या पालो व्हर्देचे खुंट आढळतात. मेस्किट हे नाव मराठी मुलखात अपरिचित असले तरी झाड तसे नाही: महाराष्ट्रातील पडीक जमिनींवर आणि तळ्यांच्या काठांवर माजलेली वेडी बाभूळ ही त्याचीच सख्खी बहीण असून ती एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून भारतात आणली गेली.

उद्यानाच्या पूर्व विभागातील जुन्या छायाचित्रांत प्रचंड, अनेक फांद्यांच्या सवारोंचे घनदाट रान दिसते. आज त्याच ठिकाणी तशी झाडे विरळ आणि मध्यम वयाची झाडे पुष्कळ आहेत. या बदलाचा इतिहास वाळवंटाच्या अभ्यासकांना नम्र करणारा आहे. १९३७च्या जानेवारीतील कडाक्याच्या थंडीनंतरच्या वर्षांत तेथील मोठी झाडे काळा स्राव गाळत कुजू लागली तेव्हा जिवाणूंचा रोग हेच कारण मानले गेले, आणि १९४१ साली एका मोठ्या तुकड्यातील रोगट झाडे तोडून पुरण्याचा प्रयोगही करण्यात आला. झाडे मरतच राहिली. १९६२ साली स्टॅन्ली अल्कॉर्न आणि कर्टिस मे यांनी त्या भागातील सवारो शतकाच्या अखेरीस, १९९८च्या सुमारास, संपुष्टात येतील असा हिशेब मांडला. पुढे वॉरेन स्टीनबर्ग आणि चार्ल्स लोव यांच्या दीर्घ अभ्यासातून हे स्पष्ट झाले की जिवाणू आधीच मरत असलेल्या देहावर पोसले जात होते, मूळ घाव थंडीचा होता, आणि गोठलेले झाड मरायला कित्येक वर्षे घेत असल्याने कारण व परिणाम यांची सांगड कोणाच्या ध्यानात आली नव्हती. रिंकॉनचा पायथा उंच आणि थंड, म्हणजे सीमेच्या जवळ. त्यात गुरांनी तुडवलेली जमीन व सरपणासाठी तोडलेली दाई-झाडे, यांमुळे म्हाताऱ्यांची जागा घ्यायला रोपेच नव्हती. चराई थांबल्यावर नवी पिढी उगवली. दीडशे वर्षे जगणाऱ्या वनस्पतीचे भविष्य वीस वर्षांच्या निरीक्षणावरून वर्तवू नये, एवढे तरी त्या प्रकरणातून उमगावयास हरकत नव्हती.

टुसॉनहून पश्चिमेला आहोकडे जाणारा रस्ता तोहोनो ओओदम या आदिम जमातीच्या राखीव भूमीतून जातो. सेल्स हे तिचे मुख्य ठाणे. सवारोच्या मुलखाला माणसांनी दिलेला अर्थ समजून घ्यायचा तर हा टप्पा टाळता येत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत खोडाच्या आणि फांद्यांच्या टोकांवर मेणचट पांढरी फुले रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. रात्री मेक्सिकोतून स्थलांतर करून आलेली लांब नाकाची वटवाघळे, दिवसा पांढऱ्या पंखांचे होले आणि मधमाश्या त्यांचे परागीभवन करतात. जूनच्या उत्तरार्धात, वर्षातील सर्वांत कोरड्या आणि तापलेल्या दिवसांत, फळे पिकून उकलतात व आतील गडद लाल गर दिसू लागतो; एकेका फळात सुमारे २,००० काळ्या बारीक बिया असतात. मेलेल्या सवारोच्या लाकडी फासळ्या एकमेकींना बांधून केलेल्या, टोकाला आडवी काडी लावलेल्या लांब आकडीने ओओदम स्त्रिया ही फळे पाडतात. या आकडीचे त्यांच्या भाषेतील नाव कुइपड. गर पाण्यात कालवून, उकळून, गाळून त्याचा दाट पाक करतात आणि त्यातील काही भाग आंबवून केलेले मद्य पाऊस बोलावण्याच्या विधीत प्राशन केले जाते. त्यांचे नवे वर्ष या हंगामापासून सुरू होते. जुलैच्या सुमारास दक्षिणेकडून दमट वारे येतात, दुपारी ढग उठतात, गडगडाटी सरी कोसळतात. अ‍ॅरिझोनातील लोकही या पावसाला मान्सून असेच म्हणतात. बिया नेमक्या याच वेळी जमिनीवर पडलेल्या असतात आणि ओल मिळताच रुजतात.

सवारोची पश्चिम सीमा समजण्यासाठी हा उन्हाळी पाऊस ध्यानात ठेवावा लागतो. टुसॉनला वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील जवळपास अर्धा उन्हाळ्यात येतो. कोलोरॅडो नदीकडे जावे तसतसे हे उन्हाळी पावसाचे प्रमाण घटत जाते. मेक्सिकोच्या हद्दीला लागून असलेल्या, १९३७ साली स्थापन झालेल्या ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकात सवारो अजून विपुल आहे आणि बुंध्यापासूनच अनेक सोंडा फुटलेल्या ऑर्गन पाइप या दुसऱ्या निवडुंगाच्या शेजारी तो उभा दिसतो. पण तेथून यूमाच्या दिशेने गेल्यास तो कोरड्या ओढ्यांच्या काठापुरता आणि खडकाळ टेकड्यांपुरता उरतो. नदीपलीकडे कॅलिफोर्नियातील व्हिपल पर्वताच्या परिसरात त्याची शेवटची मोजकी झाडे आहेत. तेथील हिवाळा त्याला मारण्याइतका कडक नसतो. जूनमध्ये पडलेल्या बीला जुलैत ओल मिळत नाही, एवढीच अडचण, आणि ती पुरेशी आहे.

नोगालेसहून दक्षिणेला एर्मोसियो आणि ग्वाइमासकडे जाणाऱ्या मेक्सिकन महामार्गावर सीमेचे स्वरूप पुन्हा बदलते. येथे ना थंडीचा अडसर ना पावसाची वानवा. उलट पाऊस वाढत जातो आणि त्यासोबत काटेरी झुडपांचे रान उंच व दाट होते. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या किनाऱ्याजवळ कार्डोन हा सवारोहूनही जाडजूड निवडुंग त्याच्यासोबत वाढतो. दोघांची गल्लत सहज होते, पण कार्डोनला फांद्या बुंध्याजवळच फुटतात आणि त्याच्या पन्हळी रुंद व संख्येने कमी असतात. ग्वाइमासच्या पुढे सवारो विरळ होत जाऊन २७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास संपतो. सनसेट पॉइंटच्या घाटासारखी ठळक रेषा येथे कोठेही दिसत नाही. दाट रानात सावली वाढते, इतर झाडे जागा घेतात, आणि एवढ्या मंद गतीने वाढणारे रोप मागे पडते.

अलीकडच्या काळात या मुलखाला आतूनच नवा धोका उत्पन्न झाला आहे तो बफेल गवताचा. आफ्रिका व दक्षिण आशिया ही मूळ भूमी असलेले हे गवत भारतात अंजन या नावाने ओळखले जाते आणि कोरडवाहू भागांत चाऱ्यासाठी मुद्दाम लावले जाते. गुरांच्या चाऱ्यासाठी आणि धूप रोखण्यासाठीच ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अ‍ॅरिझोनात नेण्यात आले. सोनोरा वाळवंटात झाडाझुडपांमध्ये उघडी जमीन असल्याने वणवे पसरत नसत, आणि म्हणून तेथील वनस्पतींना आगीची सवयच नव्हती. अंजनाने त्या मोकळ्या जागा वाळलेल्या काडीने भरून टाकल्या. २०२० साली फीनिक्सच्या ईशान्येकडील बुश फायर या वणव्यात असंख्य सवारो होरपळले. तेथे इंधन प्रामुख्याने इतर परदेशी वार्षिक गवतांचे होते, पण आगीची तऱ्हा तीच. उद्यानाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक डोंगरउतारांवर कुदळींनी अंजनाचे ठोंब उपटत फिरतात. वेड्या बाभळीच्या बदल्यात गेलेले हे गवत पाहता देवाणघेवाण बरोबरीत सुटली असे म्हणावे लागते.

उद्यानात १९९० सालापासून दर दहा वर्षांनी सवारोंची गणना होते. २०२०च्या गणनेनुसार दोन्ही विभागांत मिळून सुमारे २० लाख झाडे असावीत असा अंदाज आहे, आणि हा आकडा १९६२च्या भाकिताचे पूर्ण खंडन करतो. मात्र यांतील पुष्कळशी झाडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पावसाळी वर्षांत रुजलेली आहेत. १९९०च्या दशकापासून लांबलेल्या अवर्षणात उगवलेली रोपे फारच थोडी आढळतात. पालो व्हर्देच्या पालापाचोळ्यात दडलेले बोटभर उंचीचे रोप गुडघे टेकून पाहणाऱ्यालाही चुकते, त्यामुळे गेल्या दहा-पंधरा वर्षांत नेमके किती रुजले याचा भरवशाचा हिशेब त्यांची उंची वाढल्यावर, म्हणजे आणखी एक-दोन गणना झाल्यावरच लागेल.